जर्मन शिकवायला नोकरी सोडावी का? (अनुभवी शिक्षकांना प्रश्न)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मिरजेचा, वय २९. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सांगलीत मेकॅनिकल इंजिनियरिंग. कॅम्पसमधून काही लागलं नाही. पुण्यात नोकरी शोधता शोधता जर्मनचा क्लास लावला आणि मेकॅनिकल मागेच राहिलं. बी-टू झालंय (परीक्षा ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात). सी-वनची तीन मॉड्यूल सुटली, लेखन अडलंय. हिंजवडीत एका कंपनीत जर्मन ग्राहकांचे फोन आणि मेल बघतो, दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ. पगार बरा आहे. कामातलं जर्मन म्हणाल तर तीच वीस-पंचवीस वाक्यं फिरवून फिरवून.

गेल्या वर्षी मामेबहिणीच्या दोन मैत्रिणी मागे लागल्या. दोघी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, दोघींना जर्मनीला जायचंय. शनिवार-रविवार व्हिडिओवर ए-वन शिकवलं. एक पास झाली, दुसरी थोडक्यात गेली, आता परत बसतेय. पण त्या शिकवण्याची मी आठवडाभर वाट बघतो हे लक्षात आलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, नर्सिंगच्या मुलींना तोटा नाही. २०२४ला राज्य सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी तिकडे कुशल माणसं पाठवायचा करार झाल्यापासून तर गल्लोगल्ली जर्मनच्या पाट्या लागल्यात. गावी जाऊन वर्ग काढावा असं फार वाटतंय. वडील म्हणतात, "शिकवणीवर कुणाचा संसार झालाय?" आईचं म्हणणं, घरी येतोस ना, मग काहीही कर.

ज्यांनी भाषा शिकवण्यात आयुष्य घालवलंय त्यांनी सांगावं. एम.ए. लागतंच का? पैशाचं काय? आणि मुख्य म्हणजे, मला जर्मन येतं, पण शिकवता येतं का हे कसं ओळखायचं?

---

तिरकस_टाके

दोन वर्षं थांबा. कानात यंत्र घातलं की पेशंट जर्मनमध्ये कण्हेल आणि सिस्टरला मराठीत ऐकू येईल. मग तुमचा वर्ग आणि तुमची नोकरी, दोन्ही एकदमच सुटतील. निर्णय घ्यायचा त्रास वाचला.

(गंमत बाजूला. घर भाड्याचं आहे की स्वतःचं? गावी वर्ग काढायचा तर अर्धं गणित तिथेच सुटतं.)

---

बाई_वर्गात_आहेत

कृष्णाकाठ, नोकरी सोडू नका. निदान सी-वनचं लेखन सुटेपर्यंत तरी नको. हे आधीच सांगते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

मी पुण्यात १९९७पासून जर्मन शिकवते. एम.ए. केलं तेव्हा ए-वन, बी-टू ही भाषाच नव्हती. ग्रुंडश्टुफं एक, दोन, तीन आणि मग मिटेलश्टुफं. टिळक रोडजवळ एका खासगी क्लासात सकाळी सातची बॅच मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. वर्गात एम.एस.ला जाणारी मुलं, नवऱ्यांच्या बदल्या तिकडे झालेल्या दोघी, आणि एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना तत्त्वज्ञान मूळ जर्मनमधून वाचायचं होतं. वाचलं की नाही माहीत नाही, पण गैरहजर कधी राहिले नाहीत. १ ऑगस्ट १९९८ला जर्मन शुद्धलेखनाचे नियम बदलले तेव्हा फळ्यावर जुनं लिहायचं की नवं यावरून माझ्याशी तासभर वाद घातला होता त्यांनी. २००२ला मार्क जाऊन युरो आला आणि पुस्तकातल्या भाजीबाजाराचे सगळे भाव बाद झाले. पुस्तकं मात्र आम्ही पुढे बराच काळ तीच वापरली.

मग ज्युनियर कॉलेज, तासिका तत्त्वावर. अकरावी-बारावीला मुलं जर्मन घेतात ती गुणांसाठी. आमच्या स्टाफरूममध्ये याबद्दल पुष्कळ सुस्कारे टाकले जायचे. मला त्यात वाईट काही वाटत नाही. गुणांसाठी आलेल्यांतलीच दोन-चार पोरं भाषेसाठी राहतात. वाईट वाटायचं ते एप्रिलमध्ये, कारण तासच नाहीत म्हणजे पैसेही नाहीत, आणि झालेल्या तासांचे पैसे कधी दिवाळीत तर कधी पुढच्या वर्षी. वडिलांचा मुद्दा त्या अर्थाने अगदीच चुकीचा नाही हो. माझ्या यजमानांची नोकरी कायम होती म्हणून मी टिकले. हे सांगितल्याशिवाय "आवड असेल तर सगळं जमतं" म्हणणारे लोक मला आवडत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. २००९मध्ये फोक्सवागनचा कारखाना चाकणला सुरू झाला, मर्सिडीजही तिथेच गेली, आणि त्यांच्या आसपास सुटे भाग करणाऱ्या कंपन्या. त्यातल्या एका लहान कंपनीत मला बोलावणं आलं. खेड, जुन्नर, आंबेगावकडची आयटीआय आणि डिप्लोमावाली पोरं. मशीन शिकायला काही महिने जर्मनीला पाठवायची होती. वर्ग इंग्रजीतून घ्या असं मला सांगण्यात आलं. आम्ही सगळे तसंच शिकलो होतो आणि तसंच शिकवत होतो. जर्मनचं स्पष्टीकरण इंग्रजीतून, वर्ग मराठी असला तरीही.

आठवड्यात कळलं की या पोरांना जर्मन अवघड जात नाहीये, इंग्रजी अवघड जातंय. मग मी दार लावून मराठीतून समजावायला लागले.

थंडी वाजते हे सांगायला इंग्रजी माध्यमातला मुलगा हमखास "इष बिन काल्ट" म्हणतो, म्हणजे मी स्वभावाने थंडगार माणूस आहे. जर्मनला तिथे हवा असतो "मिअर", म्हणजे आपला "मला". मला थंडी वाजते, मला आवडतं, मला बरं वाटत नाही. कर्ता बाजूला आणि माणूस चतुर्थीत, हे मराठी मूल दोन वर्षांचं असताना शिकलेलं असतं. सामान्यरूप घ्या. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. पण "ला" लागला की तिघेही "चांगल्या". चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलाला. जर्मनमध्ये निश्चित आर्टिकलनंतर दातिफमध्ये, म्हणजे आपल्या चतुर्थीत, विशेषणाचं अगदी हेच होतं, तिन्ही लिंगांना एकच शेवट, "एन". या एका तक्त्यावर पुण्यातल्या मुलांचे मी दोन-दोन तास घालवले होते. चाकणच्या पोरांनी तो बघितला आणि "बरं, पुढं" म्हणाले.

"वाइल" (म्हणजे "कारण") आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, ही इंग्रजीतून आलेल्यांना शिक्षा वाटते. आपण तर जन्मभर शेवटीच ठेवतो. मुलगी नपुंसकलिंगी कशी काय, म्हणून "मेडशेन" शब्दावर सगळीकडे हशा पिकतो. इथे जुन्नरचा एक जण म्हणाला, "आमच्यात पण पोरगं ते पोरगं असतंय की." आकडे तर विचारूच नका. एकवीस, बावीस, तेवीस : एकक आधी, दशक नंतर. जर्मनमध्येही तसंच. एकोणतीसला गाडी अडते तेवढीच. २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं आणि विधानसभेपर्यंत गदारोळ झाला, तेव्हा गणिताच्या बाजूने कोण बरोबर होतं मला माहीत नाही, पण जर्मनच्या शिक्षिकेचं नुकसान कुणी लक्षात घेतलं नाही! उच्चारातही फायदा आहे. "त्साइट"मधला "त्स" हिंदीवाल्यांना घोटून घ्यावा लागतो. आपल्याकडे तो "चांगला"च्या च मध्ये बसलेलाच आहे.

सगळंच मराठीने सुटतं असं समजू नका. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर ठाण मांडून असतं आणि मराठी पोरं ते ओढून शेवटी नेतात. लिंगं दोन्हीकडे तीन असली तरी जुळत नाहीत. जर्मन जेवणाच्या टेबलावर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. ती पाठच करायची. "उंग", "हाइट", "काइट", "शाफ्ट" शेवटी असले की स्त्रीलिंगी "डी" आणि "शेन" असलं की नपुंसकलिंगी "डास", एवढा आधार द्यावा आणि बाकीचं शब्दाबरोबरच घोकून घ्यावं. त्यात युक्ती शोधत बसणारे विद्यार्थी मागे पडतात, हे मी इतक्या बॅचेसमध्ये पाहिलंय की आता पहिल्याच दिवशी सांगते.

आणि मराठीतून शिकवणं म्हणजे मराठीत गप्पा मारणं नाही. नियम मराठीत एकदा, चार वाक्यांत. त्यानंतर उरलेला तास जर्मन. प्रशिक्षणात "वर्गात फक्त लक्ष्यभाषा" असं आम्हाला बजावलं जायचं. ते म्युनिकला ठीक आहे. तिथे वर्गात दहा देशांचे लोक बसतात, शिक्षकाला दुसरा मार्गच नसतो. आपल्याकडे वर्गातल्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच व्याकरण तयार असताना त्याचा उपयोग न करणं हा मला शुद्ध आळस वाटतो, आणि तो पद्धतीच्या नावाखाली खपतो.

शिकवता येतं का, हे कसं ओळखायचं? सोपं आहे. मोबाईलवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा आणि घड्याळ लावून ऐका. ए-वनच्या वर्गात तुम्ही अर्ध्याहून जास्त वेळ बोलत असाल तर तुम्ही अजून जर्मन बोलण्याची हौस भागवताय. प्रश्न विचारल्यावर किती थांबता तेही बघा. नवीन शिक्षक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. मुलगी वाक्य जुळवत असते, ओठ हलत असतात, आणि बाई मध्ये बोलतात. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत राहायच्या. अवघडलेपण आलं की कुणीतरी बोलायचंच. मी ते उचललं, अजून वापरते. चुका दुरुस्त करण्याचंही तसंच : बोलताना मध्ये तोडू नका, कागदावर टिपून ठेवा, शेवटी फळ्यावर घ्या. त्यातही आज शिकवलेल्याच. सगळ्या चुका एकदम काढल्या की नर्स मुली गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या मुलीला बोलतं करायला नंतर महिना लागतो.

एम.ए. कुठे लागतं? महाविद्यालयात कायम व्हायचं तर एम.ए. आणि नेट. शाळेत बी.एड. विचारतात. स्वतःच्या वर्गाला एम.ए.ची अट नाही, आणि गल्लोगल्ली पाट्या लागल्यात त्या याचमुळे. बी-टू पास माणूस बी-टू शिकवतो आणि ए-टू पास माणूस ए-वन. शिकवता त्याच्या निदान दोन पायऱ्या वर उभे राहा. तुम्ही सी-वन पूर्ण केलंत तर ए-वन, ए-टू आणि बी-वन निर्धास्त शिकवू शकाल.

"सहा महिन्यांत बी-टू" या जाहिरातींचा हिशेब करून बघा. शून्यापासून बी-टूपर्यंत ६०० ते ८०० तासिका धरतात, ४५ मिनिटांच्या. रोज पाच तासिका, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे २४ ते ३२ आठवडे. सहा महिन्यांत होतात २६. म्हणजे नोकरी नाही, घरकाम नाही, गणपती-दिवाळी नाही, आजारपण नाही, आणि तासाबाहेरचा अभ्यास रात्री. ज्या मुलीची आठवड्याला तीन रात्रपाळ्या आहेत तिला हे आश्वासन देणारा माणूस शिक्षक नसतो, एजंट असतो. अशा एका ठिकाणी मी काही काळ शिकवलं. बी-वनला नापास झालेल्यांना पुढच्या महिन्यात बी-टूच्या वर्गात बसवलेलं बघितलं आणि बाहेर पडले. फी आधीच भरून घेतलेली होती, त्यामुळे मुलींना बाहेर पडणं शक्य नव्हतं.

---

रात्रपाळी

बाईंचा प्रतिसाद वाचून गप बसवेना. मी सोलापूरची. सध्या जर्मनीत उल्मजवळ एका हॉस्पिटलात. आधी सहाय्यक म्हणून काम, परीक्षा देऊन आता नर्स म्हणून मान्यता मिळालीय.

कृष्णाकाठ दादा, मिरजेत वर्ग काढलात तर एक करा. पोरींना फोनवर बोलायला लावा. आमच्या क्लासात सगळं समोरासमोर. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, हातवारे दिसतात, निम्मं त्याच्यावरच समजतं. इथं आल्यावर दुसऱ्याच दिवशी लॅबचा फोन आला आणि माझ्या हातात रिसीव्हर. पलीकडची बाई आकडे सांगत होती आणि मला फक्त शेवटचा कळत होता.

दुसरं म्हणजे वेळ. पुस्तकात "फिअर्टेल नाख त्स्वाय" म्हणजे सव्वादोन. इकडं श्वाबेन भागातली म्हातारी माणसं सव्वादोनला "फिअर्टेल द्राय" म्हणतात. म्हणजे तिसऱ्या तासातला पाव. पावणेतीनला "द्रायफिअर्टेल द्राय". औषधाच्या वेळेत हे किती महत्त्वाचं ते तुम्हीच बघा. वॉर्डातल्या सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी घड्याळासमोर उभं करून शिकवलं. क्लासात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची चूक म्हणत नाही, त्यांना स्वतःलाच माहीत नसणार. "इस्ट"चं इथं "इश" होतं. शब्दांच्या मागं "ले" लावतात. बी-टूचं सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पोरी पहिला महिना रडतात ते याच्यामुळं. जर्मन येत नाही असं वाटतं. येत असतं, पण हे वेगळंच असतं.

आणि हो, ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती द्यायची असते ती उभ्याउभ्या तीन मिनिटांत. काय झालं, काय दिलं, काय बघायचं. क्लासात "माझा आवडता सण" यावर पाच मिनिटं बोलायला लावायचे. परीक्षेत तसं काही येतं म्हणून घेतात हे कळतं. पण बी-वननंतर रोज एका पोरीनं एका खोट्या पेशंटची माहिती दिली तर फार उपयोग होईल. पोरींना पेशंट माहीत असतात. विषय शोधावा लागत नाही.

बाकी मराठीतून शिकवा हे एकदम मान्य. माझं पहिलं वर्ष "डेटिव्ह केस" (बाईंची चतुर्थी) म्हणजे काय हे समजण्यातच गेलं. केस म्हणजे मला पेशंटची केस वाटायची.

---

दादर_स्लो

बाई, तुमच्याशी बरंचसं सहमत, पण एका ठिकाणी अडतंय.

मी मुंबईत अमराठी लोकांना मराठी शिकवतो. बँकेत बदलून आलेले, केंद्र सरकारी नोकरीतले, इथे घर घेतलेले. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर "माय मराठी" अभ्यासक्रम केला, त्यातून मला पहिल्यांदा कळलं की आपली भाषाही परकी भाषा म्हणून पायरीपायरीने शिकवता येते. जर्मनवाल्यांनी मराठीला केलेली ही मदत या धाग्यावर नोंदवायलाच हवी.

आता मतभेद. तुमच्या वर्गात सगळ्यांची मातृभाषा एक. माझ्या वर्गात एका बाकावर तमिळ, शेजारी बंगाली, मागे भोजपुरी. हिंदीतून समजावणं हा सोपा रस्ता, आणि मी तो बंद केलाय. हिंदीतून शिकलेला माणूस "मेरे को"चं "माझ्याला" करतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पण तुमचं म्हणणं दुसऱ्या रीतीने लागू होतं. तमिळ माणसाला "मला भूक लागली" लगेच येतं, कारण त्याच्याकडेही भूक "एनक्कु", म्हणजे "मला"च लागते. बंगाली माणसाला ते जमतं, पण तो-ती-ते म्हटलं की तो हवालदिल होतो, त्याच्या भाषेत व्याकरणाचं लिंगच नाही. एकाच वर्गात एकाला जे फुकट मिळतं त्यासाठी दुसऱ्याला सहा आठवडे घाम गाळावा लागतो. म्हणून मी पहिल्या तासाला प्रत्येकाला त्याच्या भाषेतली पाच वाक्यं फळ्यावर लिहायला लावतो. मला ती भाषा येत नसली तरी कुठे काय बसतं ते दिसतं. कृष्णाकाठ, मिरजेत तुमच्या वर्गात कन्नड घरातल्या मुली नक्की येतील. त्यांना गृहीत धरू नका.

पैशाबद्दल : माझी नोकरी वेगळी आहे, हे संध्याकाळचं काम. माझ्याकडे परीक्षा नाही, व्हिसा नाही, त्यामुळे गळती भयंकर. मुंबईत मराठी बोलायला गेलं की समोरचा मराठी माणूसच हिंदीत उत्तर देतो आणि माझा विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यात येईनासा होतो. ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे फोन खूप आले, प्रवेशाचा एकही नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना निदान गरज आहे. हे लहान भाग्य नाही.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. "यजमानांची नोकरी कायम होती" इथे त्यांनी परत वाचायला लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

रेकॉर्डिंग केलं. काल ए-वनच्या तासाला. ५० मिनिटांत ३६ मिनिटं मीच. थांबायचं म्हणाल तर श्वास घेण्यापुरता.

कन्नडचं दादर_स्लो यांनी बरोबर हेरलं. परत परीक्षेला बसणारी मैत्रीण घरी कन्नडच बोलते, मी हे कधी विचारातच घेतलं नव्हतं.

आता ठरवतोय असं : नोकरी चालू ठेवायची, लेखनाचं मॉड्यूल द्यायचं आणि दर शनिवार-रविवार मिरजेला जाऊन एकच लहान बॅच. मामाच्या दवाखान्यावरची खोली मिळतेय. आठ मुली, त्यातल्या पाच रात्रपाळीवाल्या. म्हणजे एका आठवड्यात या तीन नाहीत, पुढच्या आठवड्यात त्या दोन नाहीत. अशी बॅच चालवायची कशी? आणि पहिल्या महिन्यात नेमकं काय घ्यायचं? पुस्तकाचा पहिला धडा विमानतळावरचा आहे.

---

बाई_वर्गात_आहेत

३६ मिनिटं म्हणजे फार वाईट नाही, मी याहून बोलके लोक पाहिलेत.

रात्रपाळीवाल्यांची बॅच धड्यांवर चालत नाही. दर शनिवारी एक पूर्ण विषय घ्या, जो त्याच दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपेल. रविवारी तोच विषय, पण आदल्या दिवशी आलेल्यांनी न आलेल्यांना शिकवायचा. तुम्ही बघायचं. शनिवारी आलेल्या मुलीला काय समजलं नाही ते ती दुसरीला सांगताना उघडं पडतं, त्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही. ड्यूटीचा तक्ता महिन्याच्या सुरुवातीलाच मागून घ्या. मुली द्यायला लाजतात, पण देतात.

विमानतळ सोडून द्या. पहिल्या महिन्यात आकडे आणि स्पेलिंग. ए-वनच्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते, ती सगळ्याजणी धडाधड म्हणतात, कारण पाठ केलेली असते. मग परीक्षक म्हणतो, आडनावाचं स्पेलिंग सांगा, फोन नंबर सांगा. तिथे पुष्कळजणी अडखळतात, कारण इंग्रजीत ज्या अक्षराला आपण "ई" म्हणतो त्याला जर्मनमध्ये "ए" म्हणतात, आणि "आय"ला "ई". नर्सच्या डोक्यात आकडे असतातच : ताप, नाडी, रक्तदाब, डोस. तेच घ्या. एकीने रक्तदाब सांगायचा, दुसरीने न बघता लिहायचा. रात्रपाळी म्हणतेय तसं, पाठीला पाठ लावून. मग पुढच्या महिन्यात फोनवर.

रात्रपाळी, "फिअर्टेल द्राय" मला पुस्तकी माहीत होतं, पण मी वर्गात "हे प्रादेशिक आहे" म्हणून पुढे जात असे. आता नाही जाणार. बाडेन-व्युर्टेम्बेर्गला निघालेल्या बॅचला तरी घड्याळ दोन्ही पद्धतींनी शिकवते. आणि शरीराच्या दुखण्यांची वाक्यं तुझ्याकडून घ्यायची आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची, पुस्तकातली नकोत. सवडीने पाठव.

दादर_स्लो, मान्य. मिश्र वर्गाला माझा रस्ता चालत नाही. फळ्यावर पाच वाक्यं लिहून घेण्याची तुमची रीत मी उचलतेय. माझ्याकडे आता ऑनलाइन वर्गात जळगावची अहिराणी बोलणारी दोघंजण आहेत, तिथेच करून बघते.

कृष्णाकाठ, तुमच्या लेखनाबद्दल. नोकरीत दिवसभर साचेबंद मेल लिहिणाऱ्यांचं सी-वनचं लेखन हटकून अडतं. तयार वाक्यांची सवय जडते आणि मत मांडायची वेळ आली की हात थबकतो. रोज जर्मन बातमी वाचून त्यावर दीडशे शब्दांत भांडा. सहमत होऊ नका, भांडाच. आठवड्याला दोन मला पाठवा, लाल करून देईन.

राहिले पैसे. फी दर महिन्याला घ्या, पूर्ण कोर्सची आगाऊ घेऊ नका. तुमचा धीर महिन्याला तपासला जाईल आणि मुलींनाही सोडून जायची मोकळीक राहील. ओळखीच्यांना सवलत द्यायची असेल तर सगळ्यांना कळेल अशी द्या. मिरज आहे, दोन दिवसांत कळतंच. आणि मामांना खोलीचं भाडं द्या, थोडं का होईना. नाहीतर दिवाळीत पाहुणे आले की पहिला वर्ग तुमचा उठेल.

पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवते. मजकूर हाताने लिहून त्याचा फोटो पाठवा, टाइप केलेला नको. टाइप करताना मोबाईल स्पेलिंग सुधारून देतो आणि मला काही कळत नाही.